लिनक्सवर गेमिंग: तुमचे अनुभव लिहा

"लिनक्सवर गेम चालत नाहीत" हे अजूनही ऐकू येतं, म्हणून हा धागा काढतेय. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाईन १९९३ पासून आहे, पण आधी कुठली डीएलएल (विंडोजच्या प्रोग्रामला लागणारी फाइल) कुठे टाकायची हे शोधण्यातच संध्याकाळ जायची. २०१८ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने वाईनवरच आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि चित्रच पालटलं. माझे सिंगल प्लेअर गेम आता स्टीमवरून टाकले की बहुतेक सरळ सुरू होतात. तुम्ही काय खेळता, कुठे अडलं, कसं सुटलं, सविस्तर लिहा.

---

माझं एएमडीचं कार्ड, ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागला नाही, मेसा (ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर) आधीपासून असतंच. विंडोजचे गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्स वापरतात, त्याच्या ११ पर्यंतच्या कॉल्सचं डीएक्सव्हीके व्हल्कनमध्ये (लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीत) रूपांतर करतं आणि १२ साठी व्हीकेडी३डी आहे, हे सगळं गेम चालू असताना होतं आणि तरी फ्रेम रेट इतका चांगला मिळतो याचं मला खरंच अजून नवल वाटतं. नवीन गेमला पहिल्यांदा थोडे झटके बसतात, शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात तेव्हा, नंतर एकदम स्मूथ.

---

लॅपटॉपवाल्यांसाठी: दोन ग्राफिक्स चिप असतील तर गेम कुठल्या चिपवर चाललाय ते आधी मँगोहड (खेळताना फ्रेम रेट, चिप वगैरे स्क्रीनवर दाखवणारं टूल) लावून बघा. माझा एक गेम फार अडखळत होता, तो इनबिल्ट चिपवर चालला होता. लाँच ऑप्शनमध्ये प्राइम-रन (गेम दुसऱ्या, वेगळ्या चिपवर चालवणारी कमांड) टाकलं, झालं काम.

---

बाकी सगळं छान, पण ऑनलाइन गेमचं काय? आमची मित्रांची टोळी जो शूटर खेळते त्याचं अँटी-चीट (खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात बसतं, त्यामुळे तो इथे सुरूच होत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ते चालू करणं गेम बनवणाऱ्यांच्या हातात, आणि बरेच जण करत नाहीत. याचा फार राग येतो, कारण अडचण तांत्रिक कमी आणि इच्छेची जास्त आहे. त्या एका गेमसाठी विंडोजचं पार्टिशन ठेवलंय.

---

फुकट आणि ओपन सोर्स गेमही विसरू नका रे! झिरो ए.डी. मध्ये मौर्य घेऊन हत्ती उतरवायचे, वेस्नॉथ तर २००३ पासून चालू आहे आणि अजून नवीन मोहिमा येतात. मुलीबरोबर सुपरटक्सकार्ट खेळतो, एकाच स्क्रीनवर दोघं, तिला विंडोज काय लिनक्स काय काही फरक पडत नाही, तिला जिंकायचं असतं.

---

ड्युअल बूटवाल्यांनो (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनो), गेम एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या) ड्राइव्हवर ठेवून प्रोटॉनने चालवू नका. प्रोटॉनच्या फोल्डरमध्ये कोलनवाली नावं असतात, ती विंडोजला चालत नाहीत आणि मग गेम उघडतच नाही. एक्स्ट४ (लिनक्सचा फॉरमॅट) वर ठेवा. आणि गेम विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर (कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो याचे लोकांचे रिपोर्ट असलेल्या साइटवर) बघून घ्या, तुमच्यासारखंच कार्ड असलेल्याचा रिपोर्ट सापडला तर अर्धं काम तिथेच होतं.