मुलाच्या गळ्यात ओळखीचा पट्टा घालावा का?

निळी छत्री

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. बोलतो, पण बहुतेक वेळा कुठेतरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. रविवारी आम्ही तिघं मत्स्यालय बघायला गेलो होतो. आदल्या दिवशी त्याला आतले फोटो दाखवले, गर्दी नको म्हणून दार उघडल्या उघडल्या आत शिरलो. पहिला तास इतका छान गेला की मी सैल झाले आणि तिथेच चुकले. त्याला घेऊन स्वच्छतागृहात गेले, कानावरचे हेडफोन राहिले बाहेर बाबांच्या पिशवीत.

आत कुणीतरी हात वाळवायच्या मशीनखाली हात धरला. त्या घरघराटाबरोबर त्याने फरशीवर अंग टाकलं. तळवे कानांवर इतके घट्ट दाबले होते की बोटांची टोकं पांढरी पडली. किंचाळणं थांबेना. मी शेजारी बसून होते, कारण अशा वेळी उचलायला गेलं की तो आणखी घाबरतो.

बेसिनपाशी एक बाई होत्या. त्या त्याच्याकडे आल्या नाहीत, "काय झालं बाळाला" असंही विचारलं नाही. सरळ मशीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या, हातांवरून पाणी टपकत असताना. येणाऱ्या प्रत्येकीला हळूच सांगत होत्या, "हे नका लावू, रुमालाला पुसा." मग मला एवढंच विचारलं, "दाराशी थांबू का? थोडा वेळ कुणाला आत सोडत नाही." मी मान हलवली. तो शांत होईपर्यंत त्या दारात होत्या, आमच्याकडे पाठ करून. ती पाठ मला अजून दिसते. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या गेल्या होत्या. आभार मानायचे राहिले.

नंतर मोठ्या टाकीपाशी तो तिथली सूचना म्हणायला लागला, "कृपया काचेवर हात मारू नये." सात-आठ वेळा. शेजारच्या आजोबांनी तोच सूर पकडून म्हटलं, "कृपया माशांना झोपू द्यावे." माझा मुलगा थबकला, त्यांच्या हाताकडे बघितलं आणि खुदकन हसला. मग पुन्हा त्याचं वाक्य, पुन्हा त्यांचं. किती तरी वेळ चाललं होतं. नाव काय, शाळा कोणती, एकही प्रश्न नाही.

नवऱ्याचं म्हणणं, त्याच्या गळ्यात पट्टा घालू या, म्हणजे लोकांना कळेल. मला पटत नाही आणि सोडवतही नाही. ही गोष्ट त्याची आहे, ती सगळ्या गर्दीने वाचावी का, हे तो अजून सांगू शकत नाही. तुम्ही काय करता?

बारा वर्षांच्या मुलाचा बाबा

ताई, आम्ही सूर्यफुलांचा हिरवा पट्टा वापरतो. 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाला, आता बऱ्याच देशांत चालतो. त्याचं मला आवडतं ते हे की त्यावर निदान लिहावं लागत नाही. या माणसाला थोडा जास्त वेळ किंवा मदत लागू शकते, एवढंच समजतं. विमानतळावर उपयोग झाला, कारण तिथल्या लोकांना त्याचा अर्थ शिकवलेला होता. बागेत, बसमध्ये कुणालाच कळला नाही. आणि माझ्या मुलाला मानेला कापड लागलेलं सहन होत नाही, म्हणून पट्टा मी घालतो. सोबतच्या माणसाने घातला तरी चालतो.

उशिरा कळलेली

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणी झालं. त्या बाईंनी जे केलं ते मला लहानपणी कुणी केलं असतं तर! मेल्टडाउनमध्ये, म्हणजे असं सगळं असह्य होऊन ताबा सुटतो तेव्हा, समजावणारे शब्दही मला आणखी एक आवाज म्हणूनच येऊन आदळतात. "शांत हो, शांत हो" हे सगळ्यात वाईट. त्यांनी मूळ आवाजच बंद ठेवला. हा हट्ट नव्हे, हे नातेवाइकांना नक्की सांगा. संवेदनांचा हा त्रास 2013 पासून डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या पुस्तिकेत, ऑटिझमच्या निकषांतच आहे.

आजोबांबद्दल वाचताना डोळे भरून आले. परत परत म्हटलेलं वाक्य म्हणजे बोलणंच असतं, आणि त्याला उत्तर देणारं माणूस क्वचित भेटतं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने 2012 मध्ये हेच मांडलं: न समजणं एका बाजूचं नसतं, दोन्हीकडून असतं.

पट्ट्याचं त्यालाच विचारा. दोन चित्रं पुढे ठेवा. आणि त्याने एकदा नाही म्हटलं, तर ते नाही असू द्या.

रांगेतला एक

मला मुलं नाहीत. एकदा असंच एक मूल जमिनीवर पडून रडत होतं आणि मी मान वळवून पुढे गेलो. आईला ओशाळं वाटू नये असं वाटलं होतं. चुकलं का माझं?

निळी छत्री

दादा, रोखून न बघणं हीसुद्धा मोठी मदत असते. पण जाता जाता "काही हवंय का?" एवढं आईला विचारलंत तरी चालेल. मुलाला नको, आईला. ती नको म्हणाली तर खुशाल पुढे जा.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन चित्रं ठेवली, एक पट्ट्याचं, एक माझ्या पर्समधल्या कार्डाचं. त्याने कार्ड उचललं. आज पुन्हा विचारलं, चित्रांच्या जागा बदलून. पुन्हा कार्डच. तर कार्ड. मजकूर असा लिहिलाय:

"माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. आत्ता त्याला आवाज आणि गर्दी सहन होत नाहीये, थोडी जागा मोकळी ठेवायला आणि त्याला हात न लावायला मदत कराल का?"

दुसरं वाक्य लांब होतंय. त्या क्षणी कुणी एवढं वाचणार नाही. छोटं करून द्याल का कुणी?