निवृत्तीनंतर नेवाडा की ओरेगन?

प्रश्न: कॅलिफोर्नियात निवृत्त झाल्यावर नेवाडातील रीनो किंवा ओरेगनमधील पोर्टलंड येथे स्थायिक होण्याचा आम्हा दोघांचा विचार आहे. कर आणि राहणीमान पाहता कोणते राज्य निवडावे?

उत्तर १: नेवाडात राज्याचा प्राप्तिकर नाही. ओरेगनमध्ये विक्रीकर नसला, तरी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९.९ टक्के आहे आणि सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन) वगळता इतर निवृत्तिवेतनावर सहसा तो भरावा लागतो.

उत्तर २: शिवाय ओरेगन १० लाख डॉलरपेक्षा मोठ्या वारसा-मालमत्तेवर कर घेते. तरीही मी पोर्टलंडच निवडेन, कारण उतारवयात गाडी चालवणे थांबले तरी तेथील लाइट रेलने (शहरातील विजेच्या रेल्वेने) हिंडता येते. हिवाळाभराचा पाऊस मात्र सोसायला हवा.

उत्तर ३: कॅलिफोर्नियातील घर भाड्याने देणार असाल, तर राज्य सोडूनही त्या उत्पन्नावर तेथील कर भरावा लागेल.