एका होलचे अकरा, हँडिकॅपला सातच: ही सवलत की हिशोब?

स्लाइसराव, चेंबूर:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं की गोल्फमध्ये हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) काढताना एका होलवर फटक्यांचं मॅक्सिमम ठेवणं म्हणजे नापासाला ग्रेस मार्क देणं, अकरा मारले तर अकराच धरा. वाचून डोकंच फिरलं. अहो, कार्डावर अकरा ते अकराच राहतात, फक्त हँडिकॅपसाठी नेट डबल बोगीला थांबायचं. म्हणजे पार (होलचे ठरलेले फटके) अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला सवलतीत मिळणारे स्ट्रोक. मी १८ हँडिकॅपचा, पार चारला मला एक मिळतो, झाले ७. माझंच कार्ड घ्या: कोर्सचं रेटिंग ७१, स्लोप १२५ (कोर्स किती अवघड त्याचे आकडे), मारले ९५, त्यात पार चारला एक अकरा (जुलै महिना, चिखल, दोन बॉल पाण्यात). चार कापून ९१, म्हणजे डिफरन्शियल (हँडिकॅपसाठी धरायचा त्या राउंडचा आकडा) १८.१. न कापता २१.७. एका होलपायी साडेतीन वर! बाकीचे सतरा होल मी काय झोपा काढत होतो?

बंकरबाबा:
ते महाशय मीच, नाव घ्यायला जीभ जड झाली का? शेवटच्या वीस राउंडमधल्या बेस्ट आठच धरतात ना, मग तुमची ती अकरावाली राउंड आपोआप बाहेर जाते. कात्री कशाला? अमेरिकेची जुनी पद्धत बरी होती, १० ते १९ हँडिकॅपवाल्याला कुठल्याही होलला ७, विषय संपला. २०२० पासून स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम, त्यावरून सवलतीचे स्ट्रोक वाटतात) शोधत बसायचं.

होल१९, ठाणे:
बाबा, बाहेर जाते हीच तर गोची! चांगली राउंड एका होलमुळे आठातून गेली की हँडिकॅप इंडेक्स फुगतो, आणि जास्त सवलतीसाठी काही जण तो फुगवायलाच बसलेत. आमच्या ग्रुपमध्ये एक काका, २४ चे. महिनाभर शेवटचे तीन होल बॉल नेमाने झाडीत. फायनलला नेट (सवलत वजा करून) ६३, डिनर सेट घेऊन गेले. वर बायकोला फोन, “अगं, डिकी रिकामी कर.”

बंकरबाबा:
म्हणजे तुमचं लाडकं मॅक्सिमम असूनही सेट गेलाच की!

होल१९, ठाणे:
गेला. नसतं तर वॉशिंग मशीनपण गेलं असतं.

मीरा, माटुंगा:
सॉफ्ट कॅप आहे ना पण? वर्षातल्या सगळ्यात कमी इंडेक्सच्या ३ वर गेलं की पुढची वाढ अर्धीच, ५ वर बंद.

होल१९, ठाणे:
त्याला आधी वीस कार्डं लागतात. काकांची अकरा होती.

मीरा, माटुंगा:
मग राहू दे. खरी बोंब मोजणीची आहे. ७ का ११ यावर भांडताय, पण मोजतो कोण? परवा समोरच्याचे मी स्वतः सहा मोजले, कॅडी कानावरची पेन्सिल काढून विचारतो, “साहेब, पाच लिहू ना?” आणि साहेब लगेच आभाळ बघायला लागले, पाऊस येतोय का.

स्लाइसराव, चेंबूर:
कॅडीवर ढकलू नका हं. त्याची टिप कुणाच्या खिशात असते? चार तास बॅग वाहतो तो, वर तुमचे बॉलही तोच शोधतो. एकदा स्वतः उचलून बघा बॅग.

मीरा, माटुंगा:
मी ट्रॉली ओढते, स्वतःची. आणि मी साहेबांबद्दल बोलले, कॅडीबद्दल नाही. जरा नीट वाचत जा.

स्लाइसराव, चेंबूर:
बरं, वाचलं.

बंकरबाबा:
झालं का? माझं दुखणं कुणी ऐकतच नाही. नेट स्ट्रोक प्लेला (एकूण फटके वजा हँडिकॅप) माझे अकरा पूर्ण मोजतात आणि हँडिकॅपला त्या अकराचा पत्ताच नाही. सोळा होल सरळ खेळून दोन होलला फुटणारा माझ्यासारखा माणूस दर वेळी मार खातो.

स्लाइसराव, चेंबूर:
हे मात्र खरंय. म्हणून तर स्टेबलफोर्ड (होलवार गुणांचा खेळ) खेळा म्हणतो, नेट डबल बोगीला शून्य गुण आणि त्यापुढे कितीही मारले तरी शून्यच. बॉल उचला, पुढे चला.

बंकरबाबा:
ठीक आहे, तेवढं मान्य, फार उपकार झाले. त्या डिनर सेटचं काय झालं पण?

होल१९, ठाणे:
गेल्या महिन्यात काकांकडे जेवायला होतो. त्यातच वाढलं. आमटी इतकी झकास की विषय काढायचा राहिला.