शब्दचर्चा: तेलाची ‘उतराई’ होते का?

मृण्मयी (रत्नागिरी): मच्छीमारांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. मजकूर साधा: समुद्रातल्या तेलाच्या बांधकामांपासून ५०० मीटर लांब राहा, जाळं टाकू नका. रिग, प्लॅटफॉर्म निभावले, ‘एफपीएसओ’वर अडले. विहिरींचं तेल वर घेऊन त्यातलं पाणी नि वायू वेगळा काढणारं, तेल पोटात साठवणारं आणि दुसऱ्या टँकरला देणारं जहाज. लिहिलं ‘तरंगते उत्पादन, साठवण व उतराई जहाज’. तपासणाऱ्यांनी ‘उतराई’भोवती लाल गोल काढला: उपकारांतून उतराई होतात, तेलाची उतराई नसते. काय लिहू?

धोपावेकर: राहू दे गो, बरोबर आहे. दाभोळला फेरीबोट यायच्या आधी आजी तरीने जायची. तरवाल्याला दिलेले पैसे म्हणजे उतराई. ते दिले की देणं फिटलं, त्यावरूनच उपकारांची उतराई.

शुद्धमती: ही व्युत्पत्ती आजीची की तुमची? चढणे-चढाई, तसं उतरणे-उतराई, संपलं. आणि एवढं लांबलचक कशाला? ‘तेलनौका’ म्हणा.

हायवाला: तेलनौका म्हणजे टँकर झाला. पंधरा वर्षं ऑफशोअरला काढली, म्हणून सांगतो, खरी चूक ‘उत्पादना’त आहे. तिथे काही बनत नाही, खालचं वर येतं. वाळूचा उपसा, तसा तेलाचा उपसा. मुंबई हायचं तेल १९७६ पासून निघतंय, पुढे समुद्रातून उरणपर्यंत नळच टाकला. जिथे नळ परवडत नाही तिथे हे जहाज. पहिलं १९७७ मध्ये स्पेनजवळ, कॅस्टेलॉनला. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात धीरूभाई-१, २००८. बाकी घरी आलेल्याला बायको ‘रिगवर गेलेत’ सांगते. रिग विहीर खोदते, मी जन्मात तिच्यावर पाऊल ठेवलेलं नाही.

शुद्धमती: उपसा केला की साठा आटतो. सरकारी पत्रकात ‘उपसा’ कोण छापेल?

हायवाला: आटतोच की!

मिऱ्याचा: ताई, नौका फक्त परवान्यावर असते, बंदरात बोट असते. आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, याला ‘जळती बोट’ म्हणतात, वरच्या ज्वाळेमुळे. रात्री लांबूनच कळतं. तेवढं लिहा, जाळं कोणी टाकणार नाही.

धोपावेकर: टाकतील. अशा ठिकाणी मासळी जमते, ते तांडेलाला ठाऊक असतं.

मृण्मयी: ‘तराफा’ चालेल का? तौक्ते वादळात बुडालेल्या पी-३०५ बार्जला पेपरात तराफाच म्हणत होते.

मिऱ्याचा: नको. तौक्तेत, २०२१ला, त्या बार्जवर अडीचशेच्या वर माणसं होती. तराफा म्हणजे फळ्या आणि पिंपं बांधून केलेलं. तो शब्द वाचून माझ्या वडलांनी पेपर बाजूला ठेवला होता.

गाबीत (मालवण): माका एक सांगा, ह्या जहाज नांगरून ठेवतत कसा? आमच्या होडीचो नांगर नाळेक, म्हणजे फुडच्या टोकाक. वारो फिरलो की होडी फिरता, नाळ वाऱ्याकडे.

हायवाला: काही जहाजांचं अगदी तसंच. पुढच्या टोकाला टरेट असतं. साखळ्या टरेटला, टरेट जागेवर, जहाज त्याच्याभोवती वाऱ्यालाटांप्रमाणे फिरतं. तेलाचे नळ त्यातूनच वर येतात. आणि विहिरीच्या व्हॉल्व्हना वीज, तेलदाब, रसायनं पुरवणारी केबलींची एक जाड जुडी खाली जाते. तिला ‘अंबिलिकल’ म्हणतात.

शुद्धमती: म्हणजे नाळ! चला, एक तरी शब्द आपला मिळाला.

गाबीत (मालवण): मगे नाळेतसून नाळ खाली सोडतत?

शुद्धमती: तुमची ती ‘नाळ’ वेगळी. तिला ‘अग्र’ म्हणा.

गाबीत (मालवण): होडी आमची, नाळ आमची, नि अग्र आम्ही म्हणाचा?

धोपावेकर: घोड्याच्या टापेला ठोकतात तीपण नाळच. आकार बघा, सगळ्या एकाच मुळातल्या.

शुद्धमती: ती अरबी, नाल! प्रत्येक गोष्ट आजीकडून येत नाही.

मृण्मयी: पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय हो. ‘उतराई’चं काय करू?

धोपावेकर: थांब जरा. अरबी असेल, तर ‘नालबंद’ आडनाव कुठून आलं ते सांगू देत आधी.