हर्मिट खेकडे वीस नकोत, चार पुरे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी ‘वीस हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) सोडा, टाकी आपोआप स्वच्छ राहते’ असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि रिकामा मिळाला नाही तर तो जिवंत गोगलगायीला मारून तिचा बळकावतो. मी चारच ठेवतो, तळाशी रिकामे शंखही टाकतो. काचेवरच्या शेवाळाला ट्रोकस गोगलगाय उत्तम. अ‍ॅस्ट्रिया जातीची गोगलगाय वाळूत उलटी पडली की सहसा सरळ होत नाही. मऊ पाय नुसता वळवळत राहतो, हात घालून उचलावीच लागते.

आणखी एक. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. वाढलेला खारटपणा गोगलगायींना माशांच्या आधी बाधतो. भर रोज घाला, पण आरओच्या गोड्या पाण्याचीच.