घरी बनवलेली जॉयस्टिक आणि स्पेस गेमचं पॅनेल: कोकणातल्यांनो, अनुभव लिहा

ऑर्बिटर, कर्बल, एलिट डेंजरस खेळणाऱ्यांपैकी ज्यांनी जॉयस्टिक, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा), स्विचचं पॅनेल घरीच केलंय त्यांनी इथे लिहा. काय टिकलं आणि काय खाऱ्या हवेनं खाल्लं हे तर नक्कीच लिहा. सुरुवात मी करते.

मी रत्नागिरीची, घर समुद्राला लागून. आधीची जॉयस्टिक १० किलोओहमच्या दोन पॉटवर (पोटेन्शिओमीटर, फिरवला की रोध बदलतो तो भाग) होती, बोर्ड प्रो मायक्रो हा छोटा मायक्रोकंट्रोलर, त्यातल्या ३२यू४ चिपमध्येच यूएसबी असल्यामुळे कॉम्प्युटर त्याला सरळ गेम कंट्रोलर म्हणून ओळखतो. गणपतीपर्यंत झकास चालली, मग काठी सोडली तरी यान डावीकडे वळायला लागलं. बोर्डाचे आकडे दाखवणारा सिरियल मॉनिटर उघडला तर काठी मध्ये असताना ५१२ च्या आसपास स्थिर हवा तो आकडा ४९० ते ५४० असा नाचतोय. पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीवर ब्रश घासतो, त्यात आपली दमट हवा. आता ४९ई हॉल सेन्सर (चुंबकाचा जोर किती ते मोजणारा) आणि छोटं चुंबक लावलंय, घासणारं काहीच नाही, आकडा जागचा हलत नाही. फक्त ३१४४ घेऊ नका, दिसायला अगदी तसाच पण तो नुसतं चालू-बंद सांगतो, काठी किती वळली ते नाही.

मालवणहून. माझा थ्रॉटल म्हणजे मच्छीमार बोटीचा जुना कंट्रोल लिव्हर, इथेच भंगारात मिळाला. मेकॅनिक काका म्हणाले, "ह्यां कित्याक व्हयां तुका?" लॅपटॉपवर रॉकेट उडवून दाखवलं, मग त्यांनीच ग्रीस भरून दिलं. थ्रॉटलला स्प्रिंग नकोच, हात काढला तिथेच थांबायला हवा, आणि हा लिव्हर तर लाटांत हलू नये म्हणूनच घट्ट केलेला असतो. एवढा दणकट थ्रॉटल विकतच्या सेटमध्ये मी तरी पाहिला नाही.

सावंतवाडीकर आहे, त्यामुळे मुठी चितारआळीतून करून घेतल्या, लाकडी, कातकामाच्या, वर लाखेचा रंग. नासाच्या अपोलो यानात उजव्या हाताची काठी यान वळवायला आणि डाव्या हाताची सरकवायला होती, मी तसंच ठेवलंय, डावी मूठ टी आकाराची. कारागिरांनी हात मोजून घेतला, आणि अंगठा टेकतो तिथे स्वतःहून खोलगट केलं, मी सांगितलंही नव्हतं. डॉकिंग, म्हणजे एक यान दुसऱ्याला जोडताना दोन्ही हात वेगवेगळं काम करतात ना, तेव्हा कीबोर्डपेक्षा किती सोपं जातं ते एकदा करूनच बघा!

गुहागरहून थोडक्यात. बटणं जास्त असतील तर मॅट्रिक्स करा, म्हणजे तारांची जाळी, ५ आडव्या ओळी आणि ५ उभ्या, बोर्डाच्या १० पिनांत २५ बटणं. प्रत्येक बटणाला १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावाच, नाहीतर तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं चौथंही लागतं, आणि ते नेमकं स्टेजिंगचं (रॉकेटचा खालचा टप्पा सोडायचं) असलं तर कक्षेत जायच्या आधीच टाकी सुटून खाली.

आमच्याकडे वेंगुर्ल्याला टॉगल स्विचचे पाय एका पावसाळ्यात हिरवे पडतात, कुणी काय उपाय केलाय?

वेंगुर्लेकर, बोटीच्या सामानाच्या दुकानात रबरी टोपीचे टॉगल मागा, माझे तेच आहेत. सोल्डरिंग झालं की उरलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. पॅनेलला पाण्याला टिकणारा मरीन प्लायच घ्या, साधा प्लाय फुगतो आणि स्विचची भोकं आवळतात.