गाडी खाली करण्याचा वेळ कसा कमी करावा? मदत हवी आहे

मागचेदार
नमस्कार. आमचे किरकोळ विक्रीचे बऱ्यापैकी मोठे दुकान आहे. मालाची गाडी आली की ती खाली व्हायला जवळजवळ तीन तास लागतात. तेवढा वेळ दुकानातली चार माणसे मागच्या बाजूला अडकून पडतात, पुढे गल्ल्यावर रांग लागते आणि गाडीचा चालक पुढच्या ठिकाणी उशीर होतो म्हणून सतत घाई करत राहतो. आमची माणसे कामचुकार नाहीत, हे आधीच स्पष्ट करतो. आणखी माणसे लावणे शक्य नाही आणि मोठी यंत्रे घेण्याचीही तयारी नाही. हा वेळ निम्म्यावर कसा आणता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया लवकर सांगावे, कारण पुढची गाडी परवाच येते आहे.

गोदामकर
आपण सगळे लिहिलेत, पण ज्याच्यावर उत्तर अवलंबून आहे तेच राहून गेले आहे. माल पॅलेटवर (खालून काटे घालून उचलता येणाऱ्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर) बांधून येतो, की सुटी खोकी हौद्यात थप्पी लावून येतात? दुकानाला हौद्याच्या उंचीचा धक्का (माल उतरवण्याचा ओटा) आहे, की गाडी जमिनीवर उभी राहते? एका गाडीत साधारण किती नग असतात आणि दारापासून साठवणीची खोली किती लांब आहे? हे कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचे ठरेल.

पॅलेटकर
पॅलेट हेच याचे उत्तर आहे, बाकी चर्चेची गरज नाही. आमच्याकडे पूर्वी सुटा माल येत असे. पुरवठादाराशी बोलून सगळा माल १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर घ्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून एक माणूस हँड पॅलेट ट्रक (पॅलेट उचलून नेणारी काट्यांची हातगाडी) घेऊन अख्खी गाडी एकटा खाली करतो. साध्या हातपंपाच्या पॅलेट ट्रकची क्षमता दोन ते अडीच टन असते आणि त्याला वीज किंवा इंधन लागत नाही. खोके हाताने उचलणेच बंद करा.

मागचेदार
@गोदामकर, माल सुटाच येतो. साधारण सहाशे खोकी असतात, शिवाय काही पोती. धक्का नाही, गाडी मागच्या दाराशी जमिनीवर उभी राहते. दारापासून खोलीच्या टोकापर्यंत दहा-बारा मीटर अंतर असेल. @पॅलेटकर, पुरवठादाराला विचारून पाहीन, पण परवाच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

वंदना_क
आपल्याच आकड्यांवरून थोडा हिशेब करते. तीन तासांत सहाशे खोकी म्हणजे दर १८ सेकंदाला एक खोके. चार माणसे आहेत, म्हणजे एका खोक्यावर ७२ सेकंदांची मेहनत खर्च होते. एक खोके उचलून दहा-बारा मीटर नेणे, ठेवणे आणि रिकाम्या हाताने परत येणे याला धडधाकट माणसाला तीस-पस्तीस सेकंद पुरेत. मग उरलेला निम्मा वेळ कुठे जातो? माझा अंदाज असा आहे की तो चालण्यात जात नसून थांबण्यात जातो. खोके हातात घेऊन माणूस कोणासाठी थांबतो, कशासाठी थांबतो, हे पुढच्या गाडीला दाराशी उभे राहून केवळ पाहा, त्या वेळी स्वतः ओझे उचलू नका. मोजणी कोण करते आणि कुठे करते, हेही कृपया लिहावे.

मागचेदार
मोजणी मीच करतो, दारातच. मालाच्या यादीचे चलन हातात असते. माणूस खोके घेऊन आला की त्यावरचे नाव पाहून यादीत खूण करतो आणि मगच आत सोडतो. त्याशिवाय पोहोचेवर सही कशी करणार?

वंदना_क
वेळ इथेच जातो आहे. दारात एकजण नाव वाचून यादीत शोधतो आहे, त्याच्यामागे दोघे खोके छातीशी धरून उभे आहेत आणि हौद्यातला चौथा तेवढा वेळ हात बांधून आहे. कोणतेही काम त्यातल्या सर्वांत संथ टप्प्याच्या वेगानेच पुढे सरकते. आपल्याकडे तो टप्पा म्हणजे दारातली यादी. तिथली मोजणी आत हलवल्याशिवाय पायांचा वेग कितीही वाढवला तरी गाडी लवकर खाली होणार नाही.

तोलकाटा
मी याच्याशी सहमत नाही आणि नव्या माणसाला असा सल्ला देणे धोक्याचे आहे असे मला वाटते. एकदा माल आत गेला आणि जुन्या मालात मिसळला की कमी आलेले खोके सिद्ध करता येत नाही. पोहोचेवर विनाशेरा सही केली की माल पूर्ण आणि सुस्थितीत मिळाला असाच त्याचा अर्थ घेतला जातो. आमचे अशा प्रकारात बरेच नुकसान झालेले आहे. वेळ लागला तरी चालेल, पण मोजणी दारातच झाली पाहिजे.

वंदना_क
तोलकाटा साहेब, मोजू नका असे मी कुठेही म्हटलेले नाही. मोजणी आणि ओळख पटवणे ही दोन वेगळी कामे आहेत. नगांची एकूण संख्या जुळते का आणि खोकी फुटलेली किंवा भिजलेली नाहीत ना, एवढेच चालकासमोर पाहणे आवश्यक आहे. कोणत्या खोक्यात काय आहे, हे यादीशी ताडून पाहण्याचे काम गाडी गेल्यावर करता येते. त्यासाठी आलेला माल ताडून होईपर्यंत जुन्या मालात मिसळू द्यायचा नाही आणि ‘संख्या तपासली, तपशील तपासणे बाकी’ असा शेरा पोहोचेवर लिहून मग सही करायची. हा शेरा आपला पुरवठादार मान्य करतो का, हे मात्र त्याला आधीच विचारून घ्यावे.

गोदामकर
संख्या मोजण्यासाठीही एकेका खोक्यावर खूण करावी लागत नाही. एकाच मापाची खोकी एका थप्पीत ठरावीक पद्धतीने लावा, उदाहरणार्थ एका थरात पाच आणि उंचीला चार थर. मग थप्पी म्हणजे वीस, आणि अपुरी थप्पी नजरेलाच कळते. चालकालाही थप्प्या मोजून दाखवता येतात, त्यामुळे वाद होत नाही. गाडी सीलबंद येत असेल, तर सील तोडण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक चलनावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तेवढ्याने वाटेत दार उघडले गेले का, या शंकेचे बरेचसे निरसन होते.

तोलकाटा
थप्पीची पद्धत मला मान्य आहे. मात्र वेगवेगळ्या मापांची खोकी आली तर ती चालत नाही. अशा वेळी आत दोघांनी स्वतंत्रपणे पाच-पाचच्या रेघा ओढाव्यात आणि प्रत्येक पन्नास नगांनंतर आकडा जुळवावा, म्हणजे चूक झालीच तर शेवटच्या पन्नासांतच शोधावी लागते.

संगणक_मित्र
माझ्या मते कागदी यादीच बंद करावी. पुरवठादाराने माल निघतानाच तपशील संगणकावर पाठवला आणि प्रत्येक पॅलेटवर १८ अंकी क्रमांकाचे बारकोड लेबल लावले, तर दारात एकदा स्कॅनर फिरवला की त्या पॅलेटवरचा सगळा माल एकदम जमा धरला जातो. त्याचबरोबर साठ्याची किमान पातळी ठरवून मागणी आपोआप नोंदवण्याची सोय करता येते, कोणता माल संथ खपतो हे कळते आणि वर्षअखेरची साठामोजणीही सोपी होते. यातली प्रत्येक गोष्ट कशी उभारावी, हे मी सविस्तर लिहू शकतो.

गोदामकर
माहिती उपयुक्त आहे, परंतु ती पॅलेटवर येणाऱ्या मालासाठी आहे आणि धागाकर्त्यांकडे पॅलेट येतच नाही. वर्षअखेरच्या साठामोजणीविषयी त्यांनी विचारलेले नाही. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, मीही तिथे लिहीन.

पॅलेटकर
म्हणूनच मी सुरुवातीपासून पॅलेट घ्या असे सांगतो आहे. धक्का नसला तरी गाडीला मागे टेल लिफ्ट (माल खाली-वर करणारी फळी) असली की पॅलेट जमिनीवर उतरतो आणि तिथून पॅलेट ट्रकने सरळ आत जातो.

मागचेदार
टेल लिफ्ट असली तरी पॅलेट आत कसा जाईल? दाराशी तीन पायऱ्या आहेत.

गोदामकर
तीन पायऱ्या आहेत, हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवे होते. पायऱ्यांवर पॅलेट ट्रक चालत नाही. आणि त्यावर फळ्या टाकून उतार करण्याचा विचार कोणी करत असेल तर कृपया करू नये. साध्या हँड पॅलेट ट्रकला सहसा ब्रेक नसतो, उतारावर टनभर माल सुटला तर खाली उभा असलेला माणूस तो थांबवू शकत नाही.

रोलरवाले
पायऱ्या असतील तर बिनविजेचे रोलर लावा. लोखंडी चौकटीत बसवलेले रोलरचे दोन-तीन मीटरचे तुकडे मिळतात, ते एकमेकांना जोडायचे आणि दर मीटरला चार ते सात सेंटिमीटर उतार द्यायचा. खोके आपल्याच वजनाने घरंगळत आत जाते. वापरलेले तुकडेही मिळतात. काम झाले की भिंतीला उभे करून ठेवता येतात.

हे दहा-बारा मीटर आत जाणे आणि रिकाम्या हाताने परत येणे, हाच कामातला सर्वांत निरुपयोगी भाग आहे. रोलर लावल्यावर हौद्यातली माणसे हौद्यातच राहतात आणि आतली आतच.

पॅलेटकर
रोलरवर खोके शेवटी हातानेच उचलून ठेवायचे आणि हातानेच उचलून घ्यायचे. याला सुधारणा म्हणता येणार नाही.

रोलरवाले
पॅलेटवरचा मालसुद्धा कोणीतरी हातानेच रचलेला असतो आणि दुकानात फळीवर हातानेच लावावा लागतो. पुरवठादाराकडे पॅलेट बांधण्याची सोय नसेल आणि दाराला पायऱ्या असतील, तर धागाकर्त्यांनी तोवर काय करावे, एवढाच प्रश्न आहे.

वंदना_क
उंचीचा हिशेब मात्र आधी करावा. हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटर धरला आणि तीन पायऱ्यांचे ४५ वजा केले, तर दुकानाच्या फरशीपासून हौदा ७५ सेंटिमीटर उंच राहतो. दहा मीटर लांबीला मीटरमागे पाच सेंटिमीटर उतार दिला की ५० सेंटिमीटर त्यातच जातात. म्हणजे खोके फरशीपासून केवळ २५ सेंटिमीटरवर येऊन थांबेल आणि आतल्या माणसाला सहाशे वेळा खाली वाकावे लागेल. त्याऐवजी हौद्यातले टोक ४० सेंटिमीटर उंचीच्या मजबूत घोडीवर (पायांच्या आधारावर) ठेवावे, मग आतले टोक ६५ सेंटिमीटरवर येते. आपली मापे प्रत्यक्ष टेप लावून घ्यावीत.

उंचीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामातल्या हालचालींचा अभ्यास करणारे फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामाचे बारकाईने निरीक्षण करून एका विटेमागच्या १८ हालचाली जवळपास पाचवर आणल्या. त्यातली मोठी बचत विटा गवंड्याच्या हाताच्या उंचीवर ठेवल्यामुळे झाली होती.

पाठदुखी_नको
वेगाची एवढी चर्चा चालली आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, एका माणसाने उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. ओझे शरीरापासून लांब धरले, जमिनीवरून उचलले किंवा कंबरेत वळून ठेवले की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. म्हणून जड खोकी आणि पोती दोघांनी मिळून उचलावीत, आणि हौद्यातल्या माणसाने कंबर न पिळता पावले टाकून वळावे. थप्पी वरून खाली उतरवावी. मधले खोके ओढले की वरची रांग अंगावर येते. आणि कोणीही हौद्यात चढण्यापूर्वी गाडीचे इंजिन बंद करून चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून पाचर) लावावी.

मागचेदार
सर्वांचे मनापासून आभार. काल गाडी आली. रोलर अजून मिळालेले नाहीत, त्यामुळे फक्त मोजणी आत हलवली, खोलीतली जागा आदल्या रात्रीच मोकळी केली आणि थप्प्या लावून मोजल्या. शेरा लिहिण्याविषयी पुरवठादाराला आधी विचारले होते, त्याची हरकत नव्हती. गाडी दोन तासांच्या आत खाली झाली. दारात आता कोणी थांबत नाही. मात्र आत नवीनच अडचण उभी राहिली: माल इतक्या वेगाने येतो की वेगवेगळ्या विभागांची खोकी एकाच ढिगात पडतात आणि नंतर ती वेगळी करण्यात जवळजवळ तासभर गेला. रोलर आल्यावर हे आणखी वाढेल असे वाटते.

वंदना_क
वाढेलच, कारण संथ टप्पा आता दारातून खोलीत सरकला आहे. रोलर आल्यावर हौद्यात दोघांची गरज राहणार नाही, जड नगांपुरता दुसरा माणूस वर चढेल. एरवी त्याला आत घ्या. फरशीवर खडूने विभागवार चौकोन आखा आणि रोलरच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाने खोके उचलतानाच त्याची जागा ठरवावी, म्हणजे ते दुसऱ्यांदा उचलावे लागणार नाही. विभागाचे नाव खोक्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून पाठवण्याची विनंती पुरवठादाराला करा. त्यांचा फार वेळ जाणार नाही, तुमचा मात्र बराच वाचेल.

गोदामकर
त्यांना आणखी एक विनंती करावी. जो माल शेवटी चढतो तोच आधी उतरतो. तेव्हा खोलीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात जाणाऱ्या विभागाचा माल त्यांनी शेवटी चढवावा, म्हणजे आधी आलेल्या थप्प्या नंतरच्या मालाची वाट अडवणार नाहीत.

रोलरवाले
रोलर घेण्यापूर्वी आपल्याकडे येणाऱ्या सर्वांत लहान खोक्याची लांबी मोजून घ्या. खोक्याखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर असावे लागतात. म्हणजे खोके ३० सेंटिमीटरचे असेल तर दोन रोलरच्या मध्यांमधले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, अन्यथा खोके पुढच्या टोकाने खाली झुकते आणि अडते. पोती रोलरवरून जात नाहीत, त्यांच्याखाली गुळगुळीत प्लायवूडचा तुकडा द्यावा लागतो. शेवटच्या रोलरपाशी अडसर हवाच. आणि हौद्याकडचे टोक फाळक्याला (हौद्याच्या मागच्या झडपेला) घट्ट बांधू नका, कारण माल कमी होत जातो तसा हौदा स्प्रिंगांवर काही सेंटिमीटर वर उचलला जातो. ते टोक हुकांवर सैल अडकवावे आणि गाडी अर्धी झाली की उतार एकदा तपासावा.